कनकांबरच्या रिकाम्या चौकटी

अक्का,

तापलेल्या धुळीला स्वतःचा वास असतो, हे मला तुमच्या घरी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तुमचा तो जुना संगणक सुरू झाला की त्याचा पंखा आधी खोकल्यासारखा अडखळे, मग एका सुरात घुमू लागे, आणि थोड्याच वेळात त्याच्या पाठीमागून धूळ भाजल्याचा कोरडा, किंचित गोडसर वास खोलीभर पसरे. स्वयंपाकघरातून येणारा चिकोरीच्या कॉफीचा वास त्यात मिसळला, की मल्लेश्वरमच्या त्या अरुंद गल्लीतली शनिवारची दुपार पुरी होई. आजही डोळे बांधून कुणी मला त्या दोन वासांसमोर उभं केलं, तर मी आपसूक चपला काढीन आणि भिंतीशी ठेवलेल्या लाकडी खुर्चीकडे चालू लागेन.

तुम्हाला जाऊन अजून पंधरवडाही झालेला नाही. शोकसभेत तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोललं गेलं, आणि सगळं खरं होतं. पण त्या बोलण्यात तुमची उजवी भुवई कुठेच नव्हती. एखाद्या शिक्षिकेनं घाईनं निष्कर्ष काढला की ती हलकेच वर जाई, आणि समोरची बाई आपणहून म्हणे, "सरी अक्का, पुन्हा बघते." तसबिरीत तुमच्या दोन्ही भुवया एका रेषेत आहेत. हार घातलेली ती बाई मला सौम्य आणि अनोळखी वाटली. म्हणून मी तुमच्याशी इथे बोलते आहे, त्या तसबिरीशी नाही.

आपली पहिली भेट आठवते? नवऱ्याच्या संशोधनसंस्थेतल्या नोकरीमागे मी पुण्याहून इथे आले होते, शाळेत हिंदी शिकवत होते, आणि मराठी बोलायला माणूस मिळेना म्हणून गणेशोत्सवात कविता वाचायला उभी राहिले होते. वाचून खाली उतरले तर कोसंबरीची, म्हणजे भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीची, ताटली हातात घेऊन तुम्ही समोर. कौतुक नाही, ओळख नाही.

"मात्रा मोजून लिहितेस की अंदाजानं?"

"मोजून," मी म्हटलं.

"मग शनिवारी घरी ये. मोजणारी माणसं कमी पडतात मला. शाळेतल्या बाया येतात, त्यांना आकडे वाचायला शिकवते. भिऊ नको, गणित नव्हे ते. स्वल्प गणितासारखं आहे, एवढंच."

तुमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. तुमच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' इतक्या सहज मिसळलेले असत, की ते शब्द परके आहेत हे सांगणाराच परका वाटावा. माझ्या मराठीला तुम्ही 'इस्त्रीची मराठी' म्हणत होता, आणि मला 'पुण्याची'. तुमच्या तोंडी मला कधी दुसरं नाव मिळालं नाही, आणि मला ते हवंही नव्हतं.

तुमची ती समोरची खोली म्हणजे काय होतं, हे शोकसभेत कुणाला नीट सांगता आलं नाही. मी प्रयत्न करते. शाळांमध्ये गुण, हजेरी, चाचण्या यांचे आकडे साचत जातात आणि कुणी त्यांच्याकडे पुन्हा पाहत नाही. ते नीट पाहता यावेत म्हणून जगात कुठेकुठे बसलेल्या लोकांनी काही सॉफ्टवेअर लिहिली आहेत आणि ती सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहेत. तक्ते मांडणारी, आलेख काढणारी, सरासरीच्या आड काय दडलं आहे ते दाखवणारी. तुम्ही ती शोधलीत, स्वतः वापरून पाहिलीत, त्यांची इंग्रजी मार्गदर्शकं तुमच्या सरळ, बिनसजावटीच्या कन्नडमध्ये उतरवलीत, आणि पेनड्राइव्हवर घालून येईल त्या शिक्षिकेच्या पर्समध्ये टाकलीत. संकेतस्थळावरही ठेवलीत, कुणीही उतरवून घ्यावीत म्हणून. "ज्यांनी हे लिहिलं ते मला ओळखत नाहीत," तुम्ही एकदा म्हणालात, "तरी मला देऊन बसले. मग मी कुणाची ओळख विचारू?"

तुमचा पहिला नियम असा, की सरावाला खऱ्या मुलांचे गुण घ्यायचे नाहीत, आणि खरे घ्यावेच लागले तर नावं झाकून घ्यायची. म्हणून तुम्ही एक वर्गच रचलात. कुठल्याही शाळेत नसलेला. त्यातल्या मुलींना फुलांची नावं दिलीत: जाजी, संपिगे, शेवंती, आणि कनकांबर, म्हणजे आमच्याकडची अबोली. आकडे तुम्ही घालायचात. त्या आकड्यांमागची कारणं मी रचायची, अशी आपली वाटणी होती.

"शेवंती जुलैत घसरलीय. का गं?"

"घर बदललं. शाळा लांब पडते. बसमध्ये उभी राहून येते."

"आणि ऑगस्टात चढलीय."

"खिडकीची जागा मिळायला लागली."

"अय्यो, पुण्याची, खिडकीच्या जागेनं कुणी एवढं चढत नाही."

"मग उतरवा थोडी."

आणि तुम्ही खरोखरच तिचे गुण उतरवलेत. त्या खोट्या वर्गाशीही तुम्ही खोटं वागायला तयार नव्हता. पुढे तो वर्ग संकेतस्थळावरून कुठेकुठे गेला. धारवाडकडच्या एका शिक्षिकेनं सगळी शिकवणी संपल्यावर तुम्हाला विचारलं होतं, कनकांबर पुढे पास झाली का? तुम्ही मला फोन करून म्हणालात, "आता सांग तूच. आई तू आहेस तिची."

दुसरा नियम माझ्या सर्वांत आवडीचा. आलेख काढण्याआधी तक्ता मोठ्यानं वाचायचा. तुम्ही काठीनं पडद्यावरची रांग दाखवायचात आणि समोरच्या बाईला म्हणायचात, "ओदि." वाचा. बाया कन्नड बोलणाऱ्या, म्हणून तुमचा हा हुकूमही कन्नडमध्येच. मग ती बाई एकेक आकडा उच्चारी, आणि बाकीच्या डोळे मिटून ऐकत. डोळा फसतो, कान अडखळतो, असं तुमचं म्हणणं होतं. मी छंदात वाढलेली. ओळीत एक मात्रा कमी पडली तर मला ठेच लागते. आकड्यांच्या रांगेतही तीच ठेच लागू शकते, हे कळलं त्या दुपारी मला बेंगळुरू पहिल्यांदा आपलं वाटलं.

मी पहिल्यांदा वाचली ती कनकांबरची रांग. तिच्यात तुम्ही मुद्दाम काही चौकटी रिकाम्या ठेवल्या होत्या. मी त्या ओलांडून पुढचा आकडा म्हटला. तुम्ही काठी टेकवलीत.

"थांब. तिथं कुणीतरी आलेलं नाही त्या दिवशी. इतक्या घाईनं नको ओलांडू."

"मग काय म्हणू?"

"काही नको म्हणू. एक श्वास थांब. मग पुढे जा."

तेव्हापासून त्या खोलीत ती रीतच पडली. शून्य आलं की शून्य म्हणायचं. चौकट रिकामी असली की गप्प राहून एक श्वास जाऊ द्यायचा. त्या शांततेत पंख्याचा सूर ऐकू येई, गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्याची हाक ऐकू येई, आणि कधीकधी नागवेणी मॅडमच्या बांगड्या.

नागवेणी मॅडम आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतात. तुमच्या वर्गात त्या नेहमी दाराशी बसत, हेब्बाळची बस चुकू नये म्हणून. केसांत कायम कनकांबराचा गजरा. आपल्या त्या मुलीला नाव मिळालं ते त्याच गजऱ्यावरून. त्या कॉफीसाठी येतात असं त्या स्वतःच सांगत. "अक्का, तुमचं यंत्र जे सांगतं ते मला मुलाच्या तोंडाकडे बघून कळतं," असा त्यांचा टोमणा. तुम्ही म्हणत होता, "कळतं ना? मग यंत्रालाही कळू दे. त्याला तोंड दिसत नाही बिचाऱ्याला."

आणि मग तो शनिवार. ज्यांची सरासरी खाली गेली आहे अशा मुलांना वेगळ्या तुकडीत बसवायचं आमच्या शाळेनं ठरवलं होतं. त्या तुकडीला बीजगणित नव्हतं. एकदा तिथे गेलेलं मूल पुन्हा विज्ञानाकडे वळणं कठीण, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सोमवारी नावं द्यायची होती. नागवेणी मॅडम आपल्या वर्गाचा तक्ता घेऊन आल्या, नावं झाकून. त्यांनी घरूनच काढून आणलेल्या आलेखात तळातल्या एका ठिपक्यावर तुम्ही काठी ठेवलीत, त्याची रांग उघडायला लावलीत आणि म्हणालात, "ओदि."

त्या वाचू लागल्या. बासष्ट. अठ्ठावन्न. सोन्ने. एकसष्ट. सोन्ने. चौसष्ट. सोन्ने. शून्याला त्यांच्या तोंडी हा शब्द किती गोल, किती सुंदर वाटतो. पण तिसऱ्या सोन्नेला त्यांचा स्वतःचाच आवाज अडखळला.

"नागवेणी," तुम्ही शांतपणे विचारलंत, "साठातलं मूल एका चाचणीत सोन्नेला येतं आणि पुढच्या चाचणीला परत साठावर जातं. मूल आहे का लिफ्ट?"

बाया हसल्या. नागवेणी मॅडम हसल्या नाहीत.

"त्या तिन्ही दिवशी ती आलीच नव्हती, अक्का. मी गैरहजेरीची खूण केली होती, तर बेरीज अडली, लाल अक्षरं आली. म्हणून सोन्ने घातलं. मग सगळं स्वच्छ दिसायला लागलं."

"तक्ता स्वच्छ झाला. पोरीचं काय झालं?"

नागवेणी मॅडम उठल्या, संगणकाशी आल्या आणि एकेक शून्य पुसत गेल्या. आलेख पुन्हा काढला. तळातला तो ठिपका हलला आणि वर चढत मधल्या घोळक्यात जाऊन बसला, उशिरा आलेली मुलगी गुपचूप बाकावर सरकून बसते तसा. तुम्ही काठी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "हे अर्धंच झालं. ती येत का नाही, ते ह्या यंत्रात नाही."

त्या दिवशी नागवेणी मॅडमची बस चुकली. पुढच्या शनिवारी त्या आल्या त्या दाराशी बसल्या नाहीत. ती मुलगी शैलजा. तिच्या आईवर इथल्या शिवाजीनगरच्या दवाखान्यात उपचार चालू होते, एक आठवडा सोडून दर मंगळवारी, आणि आमच्या चाचण्याही मंगळवारच्या. आईचा हात धरून बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं. "मी तिला विचारलं," मॅडम म्हणाल्या. "आजवर मी तिला फक्त प्रश्नपत्रिकेतलेच प्रश्न विचारत होते." चाचणीचा वार बदलला. शैलजा आज बीजगणिताच्याच तुकडीत आहे. तुमच्या अंत्यदर्शनाला ती गणवेशात आली होती. पायांशी उभी राहून तिनं हात जोडले आणि गर्दीत मिसळून गेली. तुम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होती ती फक्त तिची रांग.

पण आपलं भांडण त्यानंतरचं, आणि ते संपलेलं नाही.

त्याआधीही आपण भांडलो होतो. एका कंपनीचं रंगीत, चमकदार ॲप मला आवडलं होतं, शिक्षकांना विनामूल्य. "पैसे घेत नाहीत म्हणतेस," तुम्ही म्हणालात, "मग पोरांची नावं कशाला घेतात? आणि आत काय गणित करतात ते दाखवत का नाहीत? आपल्याकडच्या सॉफ्टवेअरचं पोट उघडून बघता येतं." तो वाद मी मुकाट्यानं सोडला. दुसरा मी सोडला नाही.

"चौकट रिकामी ठेवली की शैलजाची आलेखातली रेष तुटते, अक्का. वरच्यांना तुटलेली रेषच दिसणार. तिच्या बाकीच्या गुणांची सरासरी तिथे भरली तर काय बिघडतं? तेवढे तिनं मिळवलेच असते."

"मिळवले असते. मिळवले नाहीत."

"मोठमोठे अभ्यासक हे करतात. तुमच्याच मार्गदर्शकात प्रकरण आहे."

"आहे की. करतात, आणि केलं म्हणून खाली लिहून ठेवतात. पण ह्या पोरीच्या रांगेत नको. त्या मंगळवारी तू साठ लिहिलेस की ती वर्गात बसली होती असं होतं. मग आईजवळ कोण होतं?"

माझं समाधान झालं नाही. अक्का, ते अजूनही झालेलं नाही. रिकाम्या जागेपाशी एक श्वास थांबणारे वाचक तुमच्या खोलीत होते. बाहेर नाहीत. बाहेर कुणीतरी येतं आणि मोकळी जागा बघून तिथे शून्य टाकतं. पोरीला त्या शून्यापासून वाचवायला मी तिथे साठ लिहीन म्हणते. तुम्ही म्हणता, वाचणाऱ्याला थांबायला शिकव. तुमचं काम माझ्या कामापेक्षा फार लांबचं आणि फार अवघड होतं, हे मला कळत होतं. मी फक्त विचारत होते, तोवर त्या पोरीनं काय करायचं? याचं उत्तर तुमच्याकडे होतं की नव्हतं, ते आता मला कधी कळणार नाही. उत्तर नसतं तर तुम्ही तसं म्हणाला असता. असतं तर लगेच दिलं नसतंत.

मग तुमचेच शनिवार चुकू लागले. आधी एखादा, मग लागोपाठ. हेब्बाळच्या त्या रुग्णालयात, तुमच्या खोलीच्या खिडकीतून तलावाची एक पट्टी दिसायची, जस्ताच्या पत्र्यासारखी. औषधाच्या वासात शहाळ्याचा कोवळा वास मिसळलेला. तुमच्या हाताची कातडी इतकी पातळ झाली होती, की बोटाखाली नाडी नाही, तिची सावली लागावी. तुमचे धाकटे बंधू श्रीपादअण्णा पाणी आणायला बाहेर गेले, आणि तुम्ही डोळे न उघडता विचारलंत,

"शनिवारचं काय करतेस?"

"तुम्ही बऱ्या व्हा. मग बघू."

तुमची भुवई वर गेली. इतक्या अशक्तपणातही. उजवीच.

"तुझं 'बघू' म्हणजे शून्य, का रिकामं?"

मी हसले. काहीतरी म्हणाले, मी कवितेची बाई, तुमची खुर्ची माझ्या मापाची नाही, असं काहीसं. तुम्ही "सरी" म्हणालात आणि खिडकीकडे वळलात. तुमचा विश्वास तुटला नव्हता, हे मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त ती चौकट रिकामी ठेवलीत. माझ्या वतीनं कुठलाच आकडा भरला नाहीत. मला मात्र तेव्हापासून झोपेतही तो प्रश्न ऐकू येतो, आणि प्रत्येक वेळी मला असं वाटतं, की तुम्ही उत्तराची वाट पाहत एक श्वास थांबला आहात, आणि तो श्वास अजून सोडलेला नाही.

काल शनिवार होता. मी येणार नव्हते. श्रीपादअण्णांनी फोन केला, एवढंच म्हणाले, "बाया आलेत. कॉफी केलीय मी. अक्कासारखी नाही झाली."

चपला काढल्या. आत आले. पंखा घुमत होता; अण्णांनी न विचारता संगणक सुरू करून ठेवला होता. तो वास, अक्का. तुमच्या जाण्यानंतर मी रडले नव्हते असं नाही, पण त्या वासानं मला दारातच धरलं. कॉफी खरंच कडू झाली होती, आणि सगळ्या बाया ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. काठी तिच्यावर आडवी ठेवलेली.

नागवेणी मॅडम पहिल्या रांगेत होत्या. दोन नव्या शिक्षिका आल्या होत्या, कोवळ्या, बावरलेल्या, मांडीवर तुमचा पेनड्राइव्ह घट्ट धरून. त्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत. पडद्यावर आपला तो कुठेच नसलेला वर्ग उघडला होता. जाजी, संपिगे, शेवंती. काठी मीच उचलली, कारण कुणीतरी उचलायला हवी होती. ती कनकांबरच्या रांगेवर ठेवली. आता त्या नव्या शिक्षिकांपैकी एकीकडे बघून मला तो एक शब्द म्हणायचा होता, जो तुम्ही इतक्या सहज म्हणत होता. मी तो म्हटला नाही; काठी तशीच टेकवून उभी राहिले. बाया वाट पाहत होत्या. पंखा घुमत होता. गल्लीतून हाक देत भाजीवाला गेला आणि लांब झाला. तो श्वास लांबत लांबत इतका लांबला, की मला वाटलं, आता अण्णा येतील आणि संगणक बंद करतील, आणि या खोलीतली चौकट कायमची तशीच राहील.

नागवेणी मॅडम उठल्या. माझ्या हातातली काठी त्यांनी हळूच काढून घेतली. त्यांच्या गजऱ्यातलं एक फूल माझ्या मनगटावर पडलं. कनकांबराला वास नसतो, तरी ते तिथे आहे एवढं कळत राहिलं. काठीचं टोक त्यांनी रांगेच्या पहिल्या आकड्यावर टेकवलं, रिकाम्या चौकटींच्या बऱ्याच अलीकडे, आणि माझ्याकडे न बघता, त्या नव्या शिक्षिकेकडे बघत, विज्ञानाच्या वर्गातल्या त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या,

"ओदि."